काचेवरची काळी-पांढरी

छबीच्या काचेला मी आयुष्यात पहिला हात लावला तो ती पुसायला. आणि पुसलीही इतकी मन लावून, की तिच्यावर अकोल्याचे एक वजनदार कापूसवाले शेठ नुकतेच उतरले होते, याची खूणसुद्धा मागे ठेवली नाही. झालं असं, की बाजारामागच्या गल्लीतून जाताना मला एक उग्र, गोडसर वास आला. दारू म्हणावी तर दारू नाही, औषध म्हणावं तर औषध नाही. वासामागे गेलो, तर एका जुन्या अत्तराच्या दुकानात तीन पायांवर एक लाकडी पेटी उभी, आणि तिच्याशेजारी काळ्या कापडाची राहुटी. राहुटीतून एक पिकल्या दाढीचे गृहस्थ बाहेर आले, हातातली ओली काच त्यांनी भिंतीशी टेकवून ठेवली, आणि शेठजींना पोचवायला ते रस्त्यापर्यंत गेले. काचेवरून थेंब गळत होते. आमच्या मायनं आम्हाला एकच शिस्त लावलेली : ओलं भांडं दिसलं की पुसून पालथं घालायचं, कोणाचं आहे ते विचारायचं नाही. मी खांद्यावरचं उपरणं काढलं, काच दोन्ही अंगांनी लख्ख पुसली आणि पालथी घातली.

गृहस्थ परत आले. त्यांनी काच उचलून उजेडाकडे धरली, माझ्याकडे पाहिलं, मग उपरण्याकडे पाहिलं.

"शेठ कुठं गेले?"

"ते तं घरी गेले जी," मी म्हणालो. "तुमीच तं पोचवाले गेलते."

ते गृहस्थ, म्हणजे मिर्झाचाचा, मटकन खाली बसले आणि डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसले. पूर्वी ते अत्तर विकत. छावणीतला एक साहेब विलायतेला परत जाताना पेटी, काचा आणि बाटल्या त्यांच्या पदरात टाकून गेला, आणि बाटल्यांशी जन्माची ओळख असल्यामुळे चाचांनी ती विद्या वासावरून अर्धी आणि नासधुशीवरून अर्धी शिकून घेतली. हसून झाल्यावर ते म्हणाले, "मियाँ, पुसायचा इतका शौक हाय तं रोज येत जाय. या कामात निम्मं काम पुसायचंच हाय." माझी छायाविद्येतली सुरुवात ही अशी झाली. घरातल्या नातवंडांना मी हे सांगतो तेव्हा शेठ काचेतून रडत खाली उतरले असं काहीबाही जोडतो. पण कागदावर लिहायचं तर एवढंच खरं.

दुकानात माझे हात स्वच्छ होते. अकोल्यात मी ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या मामांच्या घरापर्यंत उन्हातून चालत गेलो, तोवर उजव्या हाताची चार बोटं काळीकुट्ट झाली. काचेला चांदीचं पाणी पाजलेलं असतं. ते सावलीत गप्प राहतं आणि ऊन लागलं की बोलायला लागतं. मामांच्या विहिरीवर मी बोटं राखेनं घासली, चिंचेनं घासली, विटेच्या तुकड्यानं घासली. कातडी निघाली, काळं निघालं नाही.

आता हे बोटांचं प्रकरण साधं वाटेल. पण ते कापसाचे दिवस ज्यांनी पाहिले नाहीत, त्यांना आमच्या घराची कळा समजायची नाही. साता समुद्रापलीकडे कुठंतरी गोरे लोक आपसात लढत होते, आणि तिकडचा कापूस बंद पडून भाव चढल्यामुळे भातकुलीच्या वाटेवरच्या आमच्या गावात कापसाचा प्रत्येक पेळू जणू देवघरातला झाला होता. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, पाळण्याखाली कापूस. सरकी काढायचा रेचा दिवसभर कुईकुई करायचा. तो थांबला की कानात जास्तच वाजायचा. वांग्याच्या भाजीत तंतू निघे, भाकरीच्या पापुद्र्यात तंतू निघे, आणि माय म्हणे, "खाऊन घ्या, आतल्या आत गादी तयार होईन." गाद्यांचं म्हणाल तर आमच्या सगळ्या गाद्या बाबांनी उसवून त्यांतला कापूस बाजारात धाडला होता. आम्ही कडब्यावर झोपत होतो, आणि बाबा एकटे कापसाच्या राशीवर झोपत होते. ते सुखासाठी नव्हे, राखणीसाठी.

बाबांचा संशय गावात प्रसिद्ध होता. पण त्या दिवसांत सगळं गावच त्यांच्या वळणावर गेलं. कापसाला पाणी मारतात म्हणून व्यापारी संशय घेत, व्यापाऱ्याची तागडी मारते म्हणून शेतकरी संशय घेत. शेजारी शेजाऱ्याच्या चुलीचा धूर पाहून अंदाज बांधत. बाबा राशीवर राखेनं पंज्याचे ठसे उमटवून ठेवायचे, म्हणजे कोणी हात घातला तर कळावं. मग स्वतःच त्या राशीवर झोपायचे आणि सकाळी ठसे पुसलेले पाहून घरभर चोर शोधायचे. देवाला नारळ वाहतानासुद्धा ते आधी कानाशी हलवून पाहत, आणि देवानं मनासारखं केलं नाही तर पुढचा नारळ लहान आणत. मी त्यांचाच मुलगा. सांजवेळी माय तुळशीशी दिवा लावून हात जोडायची, तेव्हा मी मनात म्हणायचो, पलीकडे कोणी पाहतं आहे हे कोणी पाहिलं आहे?

अमरावतीचा बाजार घराजवळ असून बाबा कापूस अकोल्याला धाडायचे, त्याचं कारणही संशयच. बाजारात सौदा व्हायचा तो कापडाखाली. दोघं समोरासमोर बसणार, हातांवर उपरणं टाकणार, आणि खाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवणार. तोंडानं मात्र पाऊसपाण्याच्या गोष्टी. अमरावतीच्या दलालांची बोटं बाबांना खोटी वाटत. अकोल्याच्या दलालांची बोटं त्यांनी अजून धरली नव्हती, एवढ्यावर त्यांचा अकोल्यावर विश्वास होता. म्हणून तीन मुक्काम करत गाड्या घेऊन मी मामांकडे जाई, आणि कापूस उतरेपर्यंत तिथं राही. वीस वर्षांचा होतो, लग्न झालेलं होतं, आणि उभ्या घरात मला कोणी काही विचारत नसे. काळी बोटं घेऊन घरी आलो आणि सगळे एकदमच विचारायला लागले.

मायला वाटलं, अंगावर काहीतरी फुटतं आहे; तिनं मला कडुनिंबाच्या पाण्यानं आंघोळ घातली. बाबांना वाटलं, कापसावर काही काळी जादू शिकून आलो आहे. त्यांनी माझी बोटं हुंगली. बायको, गोदा तिचं नाव, आमच्या घरी येऊन तिला दोन वर्षं झाली होती. जेवायला वाढताना तिनं माझ्या उपरण्याचा वास घेतला. त्या दिवशी तिनं रोडगे केले होते, गोवरीच्या निखाऱ्यात भाजलेले, वर तुपाची धार, शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. मी दुसरा रोडगा फोडला तेव्हा ती हळूच म्हणाली, "हा वास दारूचा नाही. अत्तराचा बी नाही. कोनाचा व्हय?"

"औषधाचा," मी म्हणालो. छबीचं सांगावं तर घरात छबी म्हणजे काय हे आधी सांगावं लागलं असतं, आणि शेठ पुसल्याचंही ओघानं आलं असतं.

"सांगाचं नसन तं नोका सांगू," ती म्हणाली. "पन खोटं सांगतानी माह्याकडं पाहून सांगत जा. रोडग्याकडं काहून पाहता?"

तो रोडगा मला आजही आठवतो.

पुढच्या खेपेला मिर्झाचाचा मला अकोल्याबाहेर मोर्णा नदीच्या काठी घेऊन गेले. माणसांच्या छब्या काढून त्यांना वीट आला होता. "जो येते," ते म्हणाले, "तो पेटीपुढं असा बसते, जसा मी त्याचा कापूस चोरून राहिलो. एकाचं बी तोंड खुलं नाही. नारायण, मी इतके चेहरे उतरवले, समदे एकच : शक. झाडाले शक नसते." त्यांनी काठावरच्या निंबासमोर पेटी उभी केली आणि माझ्या डोक्यावर काळं कापड टाकलं. आत शिरलेल्या उजेडात काचेवर निंब उलटा लटकत होता. मुळं वर, शेंडा खाली, आणि त्याखाली आकाशाचं तळं. मी घाबरून पेटीचा पाय धरला. वाटलं, आपणही पडतो आहोत. चाचा बाहेरून म्हणाले, "धरून ठेवून काय उपयोग? ते तं जिथल्या तिथं हाय. तूच उलटं पाहून राहिला."

झाडाची छबी म्हणजे वाट पाहणं. काच ओली आहे तोवरच काम. सुकली की गेली. आणि पान हललं की धूर उमटतो. म्हणून वारा पडायची वाट पाहायची, पान न् पान थांबलं की पेटीच्या डोळ्यावरचं झाकण काढायचं, आणि वीसपर्यंत मोजायचं. चाचा जपमाळेवर मोजत. "अल्लाचं नाव घेतो," ते म्हणाले. "मोजनीची मोजनी, नावाचं नाव. तू तुह्या देवाचं घे. पेटीले दोन्ही चालते."

मी बाबांचा मुलगा. मी पारखून पाहिलं. एक काच आकड्यांनी मोजून काढली, एक रामाच्या नावानं. काचांत फरक काही नाही. फरक माझ्यात पडे. आकड्यांनी मोजलं की वीस कधी येतील याची घाई होई. रामानं मोजलं की पुढचा राम मागच्यापेक्षा मोठा नसतो, म्हणून घाई कशाची करायची तेच कळत नसे. पण यात देव वगैरे काही नव्हतं, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो. माझ्या लेखी राम हे त्या वेळी फक्त माप होतं, पायली-शेर असतो तसं.

पळस फुलला तेव्हा चाचा आमच्या गावी आले. पेढी नदीच्या वळणावर एक जुना पळस होता, आणि मी त्याचं इतकं वर्णन केलं होतं की ते बैलगाडीत काचा गवतात गुंडाळून घेऊन निघाले. मायनं त्यांना पाहुणा म्हणून पडवी दिली. बाबांनी गाडीतल्या बाटल्या मोजल्या आणि पेटीला दोनदा प्रदक्षिणा घातली. आदल्या दिवशी आम्ही दोघं काठावर जागा शोधत हिंडलो. पेटी उभी करून, एका कापडाखाली दोन डोकी घालून, कोणता कोन बरा याची आम्ही चर्चा केली. काच नीट बसवायला आमचे हातही त्या कापडाखाली चालले होते. आमच्या गावानं लांबून एवढंच पाहिलं : नारायण आणि अकोल्याचा माणूस, वर काळं कापड, आणि कापडाखाली हात.

संध्याकाळी बाबांनी मला गोठ्यात गाठलं. "कशाचा सौदा करून राहिला बे?"

"सौदा नाही बाबा, छबी."

"मंग कापडाखाली काहून? छबीच हाय तं उघड्यावर काढ ना लेका!"

याला उत्तर होतं; पण ते चांदीच्या पाण्यापासून सुरू करावं लागलं असतं. मी गप्प राहिलो, आणि आमच्या घरात गप्प राहणं म्हणजे कबुली.

दुसऱ्या दिवशी कोवळं ऊन वर चढल्यावर चाचा राहुटीत शिरले, काच तयार करून त्यांनी माझ्या हाती दिली, आणि म्हणाले, "आज तू काढ." माझी ती पहिली स्वतःची काच. पेटीपुढं उजवीकडे पळस, मधे नदीचा डोह, पलीकडे काळीभोर शेतं, आणि शेतांच्या वर टेकाडावर आमचं गाव. सगळं थांबलं होतं, पण पळसाची एक फांदी थांबेना. जरा झुळूक आली की ती लवायची. काच पेटीत सुकत चाललेली. माझ्या कपाळाचा घाम डोळ्यांत उतरला, आणि मी त्या फांदीला चक्क बोललो, मोठ्यानं, गयावया करत, "हालू नको वो बाई. जराशीक थांब. तुह्या पाया पडतो, जराशीक थांब."

आणि वारा पडला. मी झाकण काढलं.

त्या वीस रामांबद्दल काय लिहू? डोहावर एक पाणकीडा चालत होता, तो थांबला. दूर कुठंतरी रेचा वाजत होता, तो मला ऐकू येईना. राशी, ठसे, बोटं, मामा, दलाल, सगळं त्या पेटीतल्यासारखं उलटं होऊन दूर गेलं. मला वाटलं, मी थांब म्हटलं आणि कोणीतरी, कोण ते ठाऊक नाही, माझं ऐकून थांबलं आहे. माझ्यासाठी श्वास धरून बसलं आहे. वारा त्या वेळेला तसाही पडतो, हा संशय मला लगेच सुचला होता. सुचला, पण मी तो घेतला नाही. विसावा राम झाला आणि मी झाकण लावलं.

चाचांनी राहुटीत काच धुतली आणि दगडाला टेकवून सुकत ठेवली. पाण्याला आलेल्या बायांनी ती पाहिली, आणि त्यांच्या घागरी भरायच्या आत बातमी गावात पोचली. आम्हाला पारावर बोलावलं गेलं. पेटी पुढ्यात, काच पाटलांच्या हातात. पाटलांनी ती आभाळाकडे धरली, आणि अख्ख्या गावानं माना वर केल्या.

आमच्याकडे पिकाच्या जमिनीला काळी म्हणतात आणि गाव वसलेल्या जागेला पांढरी. शपथ घ्यायची तर काळी-पांढरीची. सगळं गाव म्हणजे एवढंच, ही एक आणि ती एक. आणि काचेवर काय होतं? छबीच्या काचेत उजेडाचा अंधार होतो आणि अंधाराचा उजेड. हे चाचांना माहीत, मला माहीत, पण पाटलांना कुठून? त्यांना दिसलं ते असं, की आमची काळी पांढरी झाली आहे आणि आमची पांढरी काळी झाली आहे.

"गावावर नांगर फिरवाचा आन् वावरात वस्ती बसवाची," पाटील थंडपणे म्हणाले. "हे ठरलं व्हय कापडाखाली? आगगाडीवाल्याले विकलं का कापसाच्या गठानी दाबनाऱ्या प्रेसवाल्याले, नारायणा?"

तेव्हा मी त्यांना मूर्ख समजलो. पुढं काही वर्षांत कितीतरी गावांच्या काळीत रूळ गेले आणि धुराड्यांचे कारखाने उभे राहिले, तेव्हा वाटलं, पाटलांनी ती काच माझ्यापेक्षा बरी वाचली होती.

"काच फोडा," कोणीतरी म्हणालं. "पेटी बी फोडा." एकानं वरवंट्याएवढा धोंडा आणून पाटलांच्या पायाशी ठेवला. चाचांचा चेहरा शांत होता, पण जपमाळेचे मणी बोटांतून भराभर पळत होते. ती पेटी गेली तर त्या वयात ते परत अत्तराकडे जाणार नव्हते. ते कुठंच जाणार नव्हते. आणि मी? खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहितो. पेटी यांची, मला यातलं काही ठाऊक नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं.

चाचा आधी बोलले. "फोडा पाटील. पन आधी एक घटका उन्हात ठेवू द्या. सूर्यासमोर मांडतो. त्यानं म्हटलं का यात दगा हाय, तं मीच धोंडा घालतो."

सूर्यनारायणाचं नाव निघाल्यावर पाटलांना नाही म्हणता येईना. चाचांनी काच शेकून, तिच्यावर रोगण चढवून, लाकडी चौकटीत तिच्यामागे चांदीचं पाणी पाजलेला एक कागद दाबला आणि चौकट पाराच्या कडेला उन्हात ठेवली. गाव भोवती बसलं. कोणी हलेना. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातांवर नजर ठेवून होता, की कोणी काही टाकतो की काय. बऱ्याच वेळानं चाचांनी चौकटीची मागली अर्धी फळी उचलून डावीकडचा कागद दाखवला. शेतं काळी. टेकाडावरचं गाव पांढरं.

"काळी काळी झाली वो माय!" एक म्हातारी ओरडली, आणि सगळ्या पारानं श्वास सोडला. पाटलांनी सूर्याला हात जोडले. मग चाचांनी उजवी फळी उचलली.

पळस काळा आला होता. तांबड्याला ही विद्या ओळखत नाही. तांबडं असेल ते काळंच उतरतं, म्हणून आमच्या पळसाची सगळी फुलं कोळशासारखी झाली होती. पण लोक फुलं पाहत नव्हते. पळसामागच्या झुडपाशी एक माणूस उभा होता. अंगातून पलीकडची झुडपं आरपार दिसत होती, आणि त्याला दोन डोकी होती. एक नदीकडे वळलेलं, एक मागं.

"भूत," पाटील म्हणाले आणि दोन पावलं सरकले.

"आन् हे वारूळ?" मागून एक जण कागदाच्या कडेला बोट दाखवत म्हणाला. "तिथं वारूळ कवा झालं बे?" पण दोन डोक्यांचा माणूस समोर असताना वारूळ कोण पाहतो?

मी मात्र ओळखलं. दोन्ही डोक्यांवरच्या मुंडाशाचा शेमला डाव्या कानावर होता. तसा शेमला गावात एकच माणूस सोडायचा. बाबा झुडपाआड लपून माझ्यावर पाळत ठेवून होते, आणि त्या वीस रामांत त्यांनी मान फिरवली होती. सांगावं तर भर पारावर बापाची अब्रू जाते : पोटच्या पोरावर झुडपातून नजर ठेवणारा माणूस. न सांगावं तर भूत ठरतं आणि धोंडा आहेच. मी खाली पाहत राहिलो. पाटील वाकून धोंड्याला हात घालत होते.

"मी व्हय तो," बाबा गर्दीतून म्हणाले.

पाटलांनी सरळ होऊन विचारलं, "आन् दोन डोस्के?"

"एक पोट्ट्यावर पाहाले," बाबा म्हणाले. "दुसरं, मले कोनी पाहून तं नाही राहिलं, हे पाहाले."

आधी ती म्हातारी हसली, मग पाटील हसले, मग सगळा पार. आपल्या घरचं कोणी कधी झुडपामागं उभं राहिलं नव्हतं असा त्या गर्दीत एकही नव्हता, म्हणूनच बहुतेक इतकं हसू आलं. हसू ओसरल्यावर पाटलांनी विचारलं, "मंग दिसलं काय?"

बाबांनी मुंडासं नीट केलं. "रामाचं नाव घेऊन राहिला व्हता. ईस खेप. मी मोजलं." मग म्हणाले, "घरी कवा घेतानी ऐकलं नाही."

सगळं गाव माझ्याकडे असं पाहायला लागलं, की मी कुठं तोंड लपवू असं झालं. राम हे माझं फक्त माप आहे, असं तिथं सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. माझी भक्ती अशी एका खोट्या साक्षीवर सुरू झाली, आणि साक्षीदार म्हणजे जन्मात कोणावर विश्वास न ठेवलेला माझा बाप. त्यानंतर झाकण काढून नाव घेताना मला प्रत्येक वेळी वाटायचं, झुडपामागून कोणीतरी मोजतं आहे. मग हळूहळू ती पाळत ओळखीची वाटायला लागली, आणि एके दिवशी लक्षात आलं, की पलीकडे कोणी आहे का हे मी बऱ्याच दिवसांत विचारलेलं नाही. कोणत्या दिवशी, ते विचारू नका. वारा कोणत्या क्षणी पडला हे तरी कुठं सांगता येतं?

लढाई संपली, कापूस पुन्हा कापूस झाला, आणि आम्ही पुन्हा गाद्यांवर झोपायला लागलो. चाचा दर वर्षी पळस फुलला की येत राहिले, येणं झेपेनासं होईपर्यंत. ती छबी मायनं हट्टानं काचेच्या चौकटीत घालून देवघराच्या भिंतीवर लावली, सूर्यनारायणानं काढली म्हणून. तो कागद अंड्याच्या पांढऱ्यानं माखलेला असतो, हे मी तिला शेवटपर्यंत सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितो आहे. बाबांनी पेटीपुढं बसायला जन्मभर नकार दिला. दरवर्षी चाचा विनवायचे आणि दरवर्षी बाबा म्हणायचे, "मावलो तेवढा मावलो एकडाव."

बाबा गेले, त्यांच्या तेराव्या दिवशी पाहुणे पांगल्यावर मी छबी खाली काढून मांडीवर घेतली. बाबांचं दुसरं चित्र घरात नव्हतं. एवढाच धूर, दोन डोक्यांचा. गोदा शेजारी येऊन बसली आणि पदरानं काच पुसायला लागली. मी तिला नेहमीसारखं सगळं दाखवत गेलो : ही काळी, ही पांढरी, हे बाबा, हे वारूळ. वारुळाचं मात्र नवल आहे, मी म्हणालो. पुढच्याच वर्षी जाऊन पाहिलं, तर तिथं काही नव्हतं. पुरात वाहून गेलं असेल.

"वारूळ नोहे ते," गोदा म्हणाली. "मी व्हय. तांबडं लुगडं नेसली व्हती, डोक्यावरून पदर घेऊन बसली व्हती." तिनं काच पुसून पुरी केली आणि माझ्या हातात दिली. "त्या वासाची कोन व्हय, ते पाहाले आलती. मामंजी झुडपात, मी काठावर. त्यायले मी दिसत व्हती, मले ते. मंग तुमी म्हनलं, 'हालू नको वो बाई, जराशीक थांब.' मले वाटलं, मलेच म्हनून राहिले. म्हून थांबली."